गोळी मेंदूपर्यंत पोचेना

मला कंपवात आहे, पण माझा हात थरथरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या तीन वर्षांत भेटायला आलेल्या प्रत्येकानं आधी माझ्या हाताकडं पाहिलं आणि मग तोंडाकडं. बाई उगीच आजारी म्हणवून घेऊन राह्यली का काय, असा तो चेहरा असतो. सगळ्यांचा हात थरथरत नाही. माझं अंग आखडतं, पाय उचलत नाही, चेहरा हलत नाही. माझी बहीण एकदा म्हणाली, "काहून गं, माझ्यावर रागावली का?" मी म्हटलं, "न्हाई, मी हसून राह्यले." ती बिचारी कशीबशी हसली.

हे लिहायला मला बरेच दिवस लागले. गोळी चालू असते तेवढ्या वेळात अर्धं पान होतं, मग अक्षर बारीक होत होत दिसेनासं होतं. तरी लिहितेय, कारण आमच्या घरात दोन वर्षं एक चूक रोज तीन वेळा झाली. माझं भलं व्हावं म्हणूनच झाली. तिच्यापायी माझ्यावर दुसऱ्या, याहून वाईट आजाराचा शिक्का बसणार होता. तुमच्या घरात कुणी या गोळ्या खात असेल तर एकदा वाचा.

वास

माझं नाव मंगल. जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत तपासणीच्या खोलीत मी एकोणीस वर्षं काम केलं. काम साधं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ठरलेल्या दिवशी उघडायची आणि किती उगवले, किती सडले ते मोजून लिहायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर शकीलाभाभी. एक दिवस मी मक्याची गुंडाळी उघडून मोजत बसले होते तर ती नाकाला ओढणी लावून म्हणाली, "मंगलबाई, इतका घाण वास येऊन राह्यला, तुम्हाला येत न्हाई का?"

मला काहीच येत नव्हता. कागद बुरशीनं काळा झाला होता, डोळ्यांना दिसत होता, पण नाकाला काही नाही. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. मग अक्षर बारीक झालं. साहेबांनी रजिस्टर डोळ्याजवळ नेऊन विचारलं, "पेन संपला काय?" मग डाव्या पायातली चप्पल मागं राहायला लागली. मी पुढं आणि चप्पल रस्त्यात. मस्तगडच्या चढावर दोनदा मागं वळून पायात घातली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यानंतर सात-आठ महिने खांद्याचा इलाज झाला. सांधा आखडलाय म्हणून शेक, मलम, मानेचा पट्टा. सगळं मुकाट्यानं केलं. शेवटी नवीन जालन्यातल्या एका डॉक्टरांनी मला खोलीत चालायला लावलं आणि म्हणाले, "ताई, हे खांद्याचं न्हाई. संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. जल्दी करा."

चार मिनिटं

संभाजीनगरचे डॉक्टर चार-पाच मिनिटांत सांगून मोकळे झाले. अंगठा आणि बोट एकमेकांवर भरभर आपटायला सांगितलं. उजव्या हाताला जमलं. डाव्या हाताची बोटं तीन-चार वेळा उघडली आणि मग जागच्या जागी थांबली. मी माझ्याच बोटांकडं बघत बसले. चालून दाखवलं. त्यांनी माझे खांदे मागून ओढून पाहिले.

"पार्किन्सन्स," ते म्हणाले. "आपण कंपवात म्हणतो."

आमच्या लेकीचे, प्रज्ञाचे पप्पा, म्हणजे माझे मालक, सोबत होते. ते डेपोत मेकॅनिक आहेत. कोणताही बिघाड खोलून पाहिल्याशिवाय त्यांना पटत नाही. ते म्हणाले, "सर, फोटो न्हाई काढला, रक्त न्हाई काढलं."

"काढू, दुसरं काही नाही ना हे बघायला. पण हा आजार असाच ओळखतात. बघून." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हा बरा होत नाही. पण याला चांगली गोळी आहे. गोळी लागू पडली की पुष्कळ वर्षं नीट जातात."

मला रडू आलं नाही. थकवा आला, दिवसभर उन्हात उभं राहिल्यावर येतो तसा. बसस्टँडवर प्रज्ञाच्या पप्पांनी विचारलं, "चहा घेती का?" पंचवीस वर्षांच्या संसारात चहा मी करायचा आणि त्यांनी घ्यायचा, एवढंच ठरलेलं होतं. त्यांनी दोन कप आणले, माझा कप स्वतः धरून उभे राहिले. तो दिवस आठवला की मला आजाराच्या नावाआधी तो कप आठवतो.

दूध

गोळी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात पोटात ढवळायला लागलं. सकाळी रिकाम्या पोटी घेतली की अर्ध्या तासात मोरीकडं पळायचं. पळायचं म्हणजे भिंत धरून जायचं. तिसऱ्या दिवशी प्रज्ञाचे पप्पा म्हणाले, "एवढी कडक गोळी रिकाम्या पोटी घेऊन राह्यली तू. गरम पडून राह्यली ती. आतडं जळून जाईल. दुधासंगं घे."

आमच्याकडं कोणतीही गोळी गरमच असते. तापाची गरम, दुखण्याची गरम, ताकदीची सुद्धा गरम. आणि त्यावर दूध. यात मला काही वावगं वाटलं नाही, माझ्या आईनंही हेच केलं असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'जेवणाआधी' असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलेलं होतं. एकोणीस वर्षं पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचून काम करणारी बाई मी, पण ती चिठ्ठी फाइलीत गेली आणि औषधाच्या दुकानदारानं पट्टीवर पेनानं मारलेल्या तीन खुणा तेवढ्या राहिल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

दुधानं ढवळणं थांबलं. मग काय, दुधाचा कारभारच सुरू झाला. ज्या माणसाला घरात साखरेचा डबा कुठं आहे हे माहीत नव्हतं, तो पहाटे उठून गवळ्याकडनं म्हशीचं दूध आणायला लागला. स्वतः तापवायचे, साय वर येईपर्यंत जवळ उभे राहायचे. मला कामावर दुपारची गोळी असायची, त्यासाठी लहान थर्मास भरून द्यायचे. प्रज्ञा पुण्यात नोकरीला आहे, तिला फोन करून ताकदीच्या पावडरचा मोठा डबा मागवला. दोन चमचे पावडर, मोठा पेला दूध आणि गोळी. पेला रिकामा होईस्तोवर समोरनं हलायचे नाहीत.

"तळाला राह्यलं बघ."

"पुरे झालं हो."

"ताकद कशी येणार मंग?"

खरं सांगते, मला ते आवडायचं. आजारानं मला काही चांगलं दिलं असेल तर हे दिलं, असं मी शकीलाभाभीला म्हणाले पण होते.

चढत गेलेल्या गोळ्या

गोळी काही लागू पडेना. म्हणजे कधी पडायची, कधी नाही. एखाद्या दुपारी थोडं अंग सुटायचं, वाटायचं झालं, आता असर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकूड. डॉक्टरांनी अर्धीची एक केली, एकीची दीड केली. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही बसनं जायचो, नंबर लावायचो, दोन-अडीच तास बाकावर बसायचो, आत पाच मिनिटं, आणि परत. ती बाकं माझ्या पाठीला पाठ झाली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटमध्ये मी माझ्यापेक्षा वाईट कोण आणि बरा कोण हे बघत बसायचे. त्यातले काही वर्षानुवर्षं त्याच गोळीवर ठणठणीत होते. एक म्हातारेबाबा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, जिना चढून वर यायचे. मला त्यांचा राग यायचा. त्यांचा काय दोष होता?

वर्षभरानं नोकरी सोडली. कुणी काढलं नाही, साहेबांनी बसून करायचं काम देऊ केलं होतं. पण चिमट्यानं दाणा उचलायचा आणि तो चिमट्यातच राहायचा, सुटायचाच नाही. शकीलाभाभी आपलं संपवून माझं मोजायला घ्यायची, न बोलता. मला ते सहन झालं नाही.

घरात मी चिडचिडी झाले. ब्लाउजच्या बाहीत माझा हात अडकला की मी प्रज्ञाच्या पप्पांवर ओरडायचे, "ओढू नका," आणि नाही ओढला तर "बघत काय बसले" म्हणून ओरडायचे. ते ऐकून घ्यायचे आणि दूध तापवायला जायचे. एकदा मी पेला ढकलून दिला. फरशीवर सगळीकडं दूध झालं. त्यांनी पुसलं आणि दुसरा पेला भरून आणला.

दुसरा आजार

आणि मग दोन वर्षं होत आली तेव्हाची ती खेप. डॉक्टरांनी मला चालवलं, बोटं आपटायला लावली, माझी फाइल मागं-पुढं चाळली. म्हणाले, "एवढ्या गोळीला आतापर्यंत चांगला फरक दिसायला पाहिजे होता. तुम्हाला थरथर पण नाही. काही आजार अगदी याच्यासारखे दिसतात, पण त्यांना ही गोळी दाद देत नाही."

"आणि मंग त्याला कोणती गोळी?" प्रज्ञाच्या पप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी फाइल मिटली. "त्याला अशी गोळी नाही. तो जरा भरभर पुढं जातो. पण मी अजून तसं म्हणत नाही. तीन महिने बघू. तोवर रोज लिहून ठेवा, कोणत्या तासाला अंग चालू असतं, कोणत्या तासाला बंद. तीन महिन्यांनी ठरवू."

घरी येऊन प्रज्ञाला कळवलं. प्रज्ञानं त्याच दिवशी मोबाइलवर शोधलं आणि फोनवर रडली. मी तिला सांगायला लावलं. आधी खुर्ची, मग खाट, मग घास उतरत नाही म्हणून नळी, आणि हे सगळं थोड्या वर्षांत. मी पन्नाशीची. मला एवढंच पाहिजे होतं, की मला पार्किन्सन्सच असावा. बरा न होणारा आजार मी हात जोडून मागत होते. हसू नका, खरंच मागत होते.

प्रज्ञाच्या पप्पांनी दुसऱ्या दिवसापासून पावडर दोनाची तीन चमचे केली.

पौर्णिमा

पावसाळ्यातला वर्षावास सुरू होत होता. आम्ही बौद्ध. या तीन महिन्यांत विहारात रोज वाचन असतं, आणि पौर्णिमेला आम्ही उपोसथ पाळतो. पांढरं लुगडं नेसायचं, अष्टशील, म्हणजे आठ नियम, घ्यायचे आणि दुपारी बारानंतर अन्न नाही, नुसतं पाणी. माझी आई पाळायची, मीही लग्नापासून पाळत आले, आजार निघाल्यापासून मात्र ते सुटलं होतं. प्रज्ञाचे पप्पा म्हणाले, "औंदा पण ऱ्हाऊ दे, तब्येत न्हाई." मी ऐकलं नाही. मला घराबाहेर पडायचं होतं.

आषाढाच्या पौर्णिमेला अकरा वाजता जेवले. दोनच्या गोळीला दूध आलं, मी म्हटलं, "आज न्हाई, बारा वाजून गेले." ते नाखुशीनं गेले. गोळी पाण्यासोबत घेतली आणि त्यांच्या हाताला धरून विहारात गेले. गल्लीतच आहे, पण पोचायला वीस मिनिटं लागली. वाचन ऐकत बसले. तीनच्या पुढं कधीतरी मला तहान लागली आणि मी उठून पाण्याच्या माठाकडं गेले. पाणी प्यायले, परत आले, खाली बसले. बसल्यावर लक्षात आलं की सगळ्या बाया माझ्याकडं बघून राह्यल्या. मी जमिनीवरनं एकटी उठले होते. किती महिन्यांनी, मला आठवत नव्हतं.

"धम्माची ताकद आहे बाई ही," पुढं बसलेली एकजण म्हणाली.

आमच्यात चमत्कार मानत नाहीत, आणि मी तर मुळीच नाही. पण संध्याकाळपर्यंत मी चांगली होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जशीच्या तशी. मी डॉक्टरांच्या वहीत त्या दिवसापुढं 'पौ.' एवढंच लिहिलं. श्रावणात तेच झालं, भादव्यात तेच झालं. प्रज्ञाचे पप्पा म्हणाले, "तुझं मन तिथं लागतं, म्हणून बरं वाटतं. रोज जात जा." मी रोज जायला लागले तर रोज काही होईना. मग मला विहारातल्या बायांचाही राग यायला लागला.

आता वाटतं, अगं, एका गुंडाळीत उगवण जास्त आली तर तू आधी काय विचारायचीस? पाणी वेगळं होतं का, कागद वेगळा होता का. एवढी साधी गोष्ट मी स्वतःच्या बाबतीत विचारली नाही. आजारी माणसाचं डोकं आधी हेच विसरतं.

वही

डॉक्टरांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली. पानामागं पान 'बंद', 'बंद', 'थोडं चालू', 'बंद'. मग बोट एका ओळीवर ठेवलं.

"हे पौ. म्हणजे?"

"पौर्णिमा, सर."

"तिन्ही पौर्णिमांना तीन ते सात चालू. काय करता त्या दिवशी?"

"विहारात बसते."

"ते नाही. खाण्यापिण्यात काय वेगळं?"

"बारानंतर काही खात नाही."

"गोळी?"

"पाण्यासंगं."

"आणि बाकीच्या दिवशी?"

मी बोलायच्या आधी प्रज्ञाचे पप्पा खुर्चीत पुढं सरकले. दोन वर्षांत कुणीतरी त्यांना पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल विचारलं होतं. "दुधासंगं, सर. मी सोता देतो. म्हशीचं, मोठा पेला, त्याच्यात ताकदीची पावडर. एक दिवस चुकवला न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, पण जे होतं ते मला आवडलं नाही. म्हणाले, "चूक माझीही आहे. मी हे पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं." मग त्यांनी आम्हाला समजावलं, आणि मी ते मला समजलं तसं सांगते. रक्तात गेलेलं सगळं मेंदूत जात नाही. मधे अडसर असतो. तो पाहिजेच, नाहीतर काहीही आत शिरेल. पण त्यापायीच मेंदूच्या आजाराला औषध देणं अवघड. माझ्या मेंदूला जे कमी पडतंय ते सरळ दिलं तर दारातच थांबतं, म्हणून त्याचं कच्चं रूप गोळीतनं देतात. ते आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं पाहिजे ते बनतं. आणि हे कच्चं रूप ज्या दारानं आत जातं, त्याच दारानं दुधातलं, डाळीतलं, पावडरीतलं प्रथिनही जातं. तशीच गर्दी आधी आतड्यात होते आणि मग मेंदूच्या दारात.

प्रज्ञाचे पप्पा हळूच म्हणाले, "म्हंजे गाडीला दार एकच."

"बराबर. आणि रोज गोळीच्या आधी तुम्ही पन्नास जणं चढवून देता."

ते मागं टेकले. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांचं एवढं अडत नाही. काही लोक दुधासोबत घेतात आणि चालतं. तुमचं अडत असेल. किंवा हे नुसतं वाटतंय आणि आजार दुसराच आहे. ते बघूनच ठरवायचं. शनिवारी सकाळी या. आदल्या संध्याकाळपासून गोळी नाही, सकाळी काही खाणं नाही."

शनिवार

गोळी नसलेलं अंग काय असतं हे मला त्या सकाळी कळलं. ज्या गोळीला मी दोन वर्षं शिव्या दिल्या ती निदान थोडीफार तरी पोचत होती. प्रज्ञाच्या पप्पांनी मला उठवलं, तोंड धुतलं, लुगडं कसंतरी गुंडाळलं. शेजारणीला बोलवू का म्हणाले, मी मानेनं नको म्हटलं. गाडी करून गेलो. दवाखान्याच्या दारात त्यांनी मला उचलून खुर्चीत बसवलं.

एक तरुण डॉक्टरीण हातात घड्याळ घेऊन आली. बोटं आपटायला लावली, पाण्याच्या मशीनपासून औषधाच्या खिडकीपर्यंत चालवलं. अंतर पंधरा-वीस पावलांचं असेल. मला मधे दोनदा भिंत लागली. मग तिनं गोळी दिली, पाण्यासोबत, आणि म्हणाली, "आता थांबू."

दहा मिनिटं झाली. वीस झाली. ती येऊन बोटं आपटायला लावायची, लिहायची, जायची. अर्धा तास झाला तरी काही नाही. माझ्या डोक्यात नळी, खाट, खुर्ची, उलट्या क्रमानं येत होतं. प्रज्ञाला काय सांगायचं ते मी मनात बोलून पाहत होते. प्रज्ञाचे पप्पा बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले होते. जवळ आलं तर काही बिघडेल असं त्यांना वाटत असावं. मी खुणेनं बोलावलं तरी आले नाहीत.

मग मला जांभई आली. एक, दोन, तीन, लागोपाठ. मला वाटलं रात्री झोप नाही म्हणून. आणि डाव्या पायाचा अंगठा, जो सकाळपासून खाली वळून राहिला होता, तो सुटला. नुसता सुटला. मी चपलेत तो हलवून पाहिला. मग हलवतच राहिले.

डॉक्टरीण आली तेव्हा मी उभी होते. पाण्याच्या मशीनपासून खिडकीपर्यंत गेले, वळले, परत आले. भिंत लागली नाही. तिनं घड्याळ बघितलं आणि हसत आत पळाली. मोठे डॉक्टर बाहेर आले, मला पुन्हा एकदा चालवलं आणि म्हणाले, "हा पार्किन्सन्सच आहे."

तेव्हा मी रडले. पहिल्या दिवशी न आलेलं सगळं तिथं त्या व्हरांड्यात आलं. शेजारी बसलेल्या एका बाईंना वाटलं, मला काहीतरी भयंकर सांगितलंय. त्यांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मी त्यांना सांगू शकले नाही की मी खूश आहे.

डॉक्टरांनी गोळी कमी केली, बरं का, वाढवली नाही. दूध बंद नाही, वेळ बदलायची. गोळी जेवणाच्या आधी अर्धा-पाऊण तास, पाण्यासोबत. ढवळलं तर दोन घास मुरमुरे, आणि त्याला वेगळी गोळीही असते. दूध, डाळ, अंडं जास्त करून संध्याकाळच्या जेवणात. हे माझं झालं. तुमचं वेगळं असेल, म्हणून मनानं काही करू नका, पण गोळी कशासोबत घेता हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा.

परत येताना

बसमध्ये बदनापूरच्या आसपास प्रज्ञाचे पप्पा म्हणाले, "दोन वर्षं मीच अडवून ठिवली तुझी गोळी."

बाकीच्या बायांनी काय म्हटलं असतं मला माहीत आहे. जाऊ द्या, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. माझ्याही तोंडाशी आलं होतं. पण माझी नोकरी गेली होती. चिमटा गेला होता. म्हातारेबाबा जिना चढत होते तेव्हा मी भिंत धरून होते.

"हो," मी म्हणाले. "तुम्ही अडवली. आणि मी अडवू दिली. मला राग येऊन राह्यला. तुमचा पण आणि माझा पण."

त्यांनी मान हलवली.

त्यानंतर ते स्वयंपाकघरात पाऊल ठेवीनात. गोळ्यांची पट्टी माझ्या उशाशी ठेवून निघून जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तूच घे. माझ्या हातानं नको." सकाळच्या वेळी माझी बोटं इतकी बंद असतात की पट्टीतनं गोळी फुटत नाही. मी दातानं फोडायला गेले, गोळी खाटेखाली गेली. चार-पाच दिवस मी हे चालवलं, कारण मलाही ताठा होता. मग एक दिवस म्हटलं, "मला फोडता येत न्हाई हो. राग राहू द्या बाजूला. माझा आहे, तो राहील. गोळी द्या."

ते आले, गोळी फोडली, पाणी दिलं. आणि खाली बसले.

आता

आता वर्ष झालं. मी बरी नाही, हे लक्षात ठेवा. दिवसातले आठ-नऊ तास चांगले जातात, त्यात मी स्वयंपाक करते, भाजी आणते, हे लिहिते. डॉक्टर सांगतात की पुढं पुढं असर लवकर उतरत जाईल आणि आत पोचायला उशीरही लागेल. एवढं सगळं कळूनही मी दमते. गोळी, घड्याळ, जेवण, पुन्हा गोळी. आजारापेक्षा या वेळा सांभाळूनच माणूस दमतो.

सकाळची गोळी झाली की अर्धा तास मला काही खाता येत नाही, तर प्रज्ञाचे पप्पाही खात नाहीत. समोर बसून राहतात. आधी विचारायचे, "पोचली का?" मी सांगायचे, "येऊन राह्यली." मग मी खोटं बोलायला लागले. त्यांची ड्युटी आठची, पोरासारखे उपाशी बसतात, म्हणून न पोचता "पोचली, जा जेवा" म्हणायचे. त्यांना ते कळलं. मेकॅनिकच तो. आता ते तोंडानं विचारत नाहीत. ड्युटीचा शर्ट घालतात, वरचं बटण उघडं ठेवून माझ्यासमोर येऊन वाकतात. गोळी पोचली असेल तर मी बटण लावते, आणि मग ते जेवायला जातात.

परवा अर्धा तास झाला, पाऊण झाला. माझी बोटं बटणापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. मी म्हटलं, "उशीर होऊन राह्यला तुम्हाला, तुमचं तुम्ही लावा."

"बसू अजून थोडं," ते म्हणाले.

अजून पंधरा मिनिटं बसले. मग न जेवताच उठले, डबा घेतला, आणि बटण तसंच उघडं ठेवून डेपोला गेले.